बाराशे सीसीची डरकाळी

गाडीखाली आडवा होऊन काम करणारा तरुण दिसला की मला आदर वाटायचा. आपल्याकडे हात काळे करायची लाज फार. मेकॅनिकलची पदवी घेतलेला मुलगा स्टेपनी बदलायला गॅरेजवाल्याला फोन करतो आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. अशा वातावरणात कुणी रविवारी सकाळी पाना घेऊन जमिनीवर लोळत असेल तर कौतुक व्हायलाच हवं. पण पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये असं दृश्य दिसलं की मी हल्ली आधी त्याच्या शेजारचं खोकं बघतो. खोक्यात चकचकीत स्टीलचा पाइप आणि तोफेच्या तोंडाएवढं टोक असेल, तर माझा आदर तिथेच संपतो.

‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर म्हणतात त्याला. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो, ताकद वाढते, पिकअप सुधारतो, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. बाराशे सीसीच्या हॅचबॅकचा मागचा डबा बदलून जी काही ताकद वाढत असेल, त्याहून जास्त ताकद एसी बंद केल्यावर मिळते. तीही फुकटात. टर्बो इंजिनात पुढचा पाइप मोठा करून, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नव्याने प्रोग्रॅम करून खरी वाढ मिळते, हे मला मान्य आहे. ते काम डायनो यंत्रावर ताकद मोजून होतं. पार्किंगमध्ये पुठ्ठ्यावर झोपून नुसता आवाज वाढतो आणि कानाला तो वेग वाटतो. गाडी आधी जेवढी पळत होती तेवढीच पळते. मालकाला मात्र आपण शर्यतीत आहोत असं वाटू लागतं.

हा मुलगा जे उचकटून फेकतोय ते काय आहे, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. चार सिलिंडरचं इंजिन 3000 आरपीएमला सेकंदाला 100 वेळा गरम वायूचा धक्का बाहेर टाकतं. तो धक्का तसाच सोडला तर गल्लीतल्या खिडक्या थरथरतील. म्हणून त्या वायूला कप्प्याकप्प्यांतून, भोकं पाडलेल्या नळ्यांतून फिरवतात. आवाजाच्या लाटा उलट्या येऊन एकमेकींना मारतात आणि शेपटातून निघतो तो निमूट धूर. कुठल्या आरपीएमला कुठली घरघर केबिनमध्ये शिरते ते शोधून, नेमकी तेवढीच गिळणारा रेझोनेटर वाटेत बसवलेला असतो. कुणीतरी मापं घेऊन, डबे कापून, पुन्हा वेल्ड करून ही शांतता बनवली आहे. ती उपटून टाकायला हा पैसे मोजतो, आणि वर त्याला ‘अपग्रेड’ म्हणतो.

मग एक्स्प्रेसवेवर एका स्थिर वेगाला गाडीत अशी घोंघों सुरू होते की लोणावळ्यापर्यंत डोकं धरतं. रेझोनेटर काढल्याचा हा प्रसाद. त्यावर मालकाचा उपाय ठरलेला: म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवायचा.

आता त्या ‘घरच्या घरी’ कौशल्याबद्दल. मूळ गाडीचा पाइप फ्लँजला दोन-तीन बोल्टांनी धरलेला असतो आणि मागे रबरी हँगरांवर लटकतो. हँगरांना साबणाचं पाणी लावलं की ते निघतात. बोल्ट मात्र वर्षानुवर्षं उष्णता आणि पावसाळे खाऊन जाम झालेले असतात. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबायचं असतं. आपल्या उस्तादाला दुपारी रील टाकायची असते, म्हणून तो पान्याला पाइप लावून जोर काढतो आणि बोल्टचं डोकं हातात येतं. जुनं पॅकिंग तसंच पुन्हा बसवायचं, नाहीतर सिलिकॉन थापायचं. सांधा फुसफुसतोच. ही गळती पुढच्या बाजूला असेल, किंवा पाइप आखूड करून गाडीच्या पोटाखालीच सोडला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरायला वाट मिळते. त्या वायूला रंग नसतो आणि वास नसतो. मागच्या सीटवर झोपलेल्या पोराला तो उठवत नाही.

आणि हे सगळं कशावर? गाडीबरोबर मिळालेल्या कात्री-जॅकवर. तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं. खाली पक्के स्टँड हवेत, चाकांना ओट हवी, जमीन सपाट हवी. बेसमेंटच्या उतारावर, एका विटेच्या आधारावर हजार किलोच्या खाली छाती घालून झोपलेल्या माणसाला मी शूर म्हणू शकत नाही. कुणी पुढे जाऊन पेट्रोलच्या टाकीशेजारीच वेल्डिंगचे टाके मारतो. तिथे माझी लेखणी थबकते. अग्निशमन दलाचा नंबर सोसायटीच्या फलकावर असतो, एवढंच सांगतो.

सगळ्यात खालच्या पायरीवर कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढणारा. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो. तापला की तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निकालात काढतो. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 आलं ते या डब्याच्या जिवावर. तो काढला की पुढच्या-मागच्या ऑक्सिजन सेन्सरांचं गणित जुळत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग सेन्सरखाली एक छोटा स्पेसर लावतात, म्हणजे सेन्सरला खरं दिसू नये. गाडीनेच केलेली तक्रार दाबून टाकायला ही सगळी हुशारी वापरायची! ब्रेकचं पॅड किती उरलंय हे याने जन्मात वाकून बघितलेलं नसतं. जुना डबा भंगारवाल्याकडे जातो; आत काय आहे हे निदान त्याला तरी ठाऊक असतं.

कायद्याबद्दल बोलायचं तर कायदा आहे, आणि नेटका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 120 सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. नवी कार बनताना तिच्यासाठी 74 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलपर्यंतच परवानगी. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दर वर्षी ज्या पीयूसीसाठी आपण रांग लावतो, तिथे धूर मोजतात आणि आवाज कुणी मोजत नाही. कानठळ्या बसवणारी गाडी हिरवं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

पोलीस अधूनमधून बुलेटचे इंदोरी सायलेन्सर रस्त्यावर मांडतात, त्यांवर रोडरोलर फिरवतात, फोटो छापून येतो. कारवाले तो फोटो बघून हसतात. बुलेटवाला म्हणजे गावगुंड आणि आपण ‘एन्थुझियास्ट’. शिंग तेच, फक्त याचं आयात केलेलं आणि ईएमआयवर घेतलेलं. रोलरखाली बहुधा डबाच जातो. ज्याने तो बिल फाडून विकला त्याचं शटर दुसऱ्या दिवशी वर असतं, आणि खोक्यावर ‘फक्त रेस ट्रॅकसाठी’ असं बारीक अक्षरांत छापलं की त्याचे हात धुतले जातात. आपल्याकडच्या खोक्यांतली किती ट्रॅकवर जातात ते सिंहगड रोडवर रात्री साडेअकराला ऐकू येतं.

मला कुणी म्हणेल, मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीबद्दल बोला आधी. बोलतो. तीही बंद व्हायला हवी. पण डीजे वर्षातून काही दिवस येतो आणि त्याला निदान देवाचं नाव लावायची लाज तरी असते. हा रोज मध्यरात्री जिममधून परततो आणि गेटपाशी एकदा उगाच रेस देतो. वरच्या मजल्यावर बायपास झालेले काका आहेत, पहिल्यावर तीन आठवड्यांचं बाळ आहे, वॉचमन उठून सलाम करतो. त्या सलामासाठीच सगळा खर्च झालेला असतो.

तर बाबा रे, हात शिवशिवत असतील तर गाडीत कामं पुष्कळ आहेत. एअर फिल्टर काढून झटक. कूलंटची पातळी बघ. ब्रेकची पॅडं बघ, टायरची हवा स्वतः मोज. गाडीखाली लावायला आधी दोन स्टँड विकत आण. आणि जुना सायलेन्सर अजून भंगारात गेला नसेल तर तो माळ्यावरून खाली काढून परत बसव. दोन-तीन बोल्ट, एक नवं पॅकिंग, चार रबरं. कसं करायचं ते तुला आता येतंच.