नेट चालत नाही!

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरला ओएसआय मॉडेलचे सातही लेयर मी आकृतीसकट लिहिले होते आणि मार्कही मस्त पडले होते. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जरा मजा येईल.

करमाळ्याला माझी आत्या घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. सातबारा, शिष्यवृत्ती, अ‍ॅडमिशन, जे येईल ते. एक जुना डेस्कटॉप, एक प्रिंटर आणि भिंतीवर राउटर, एवढाच पसारा. पावसाळ्यात एका रात्री वीज कडाडली आणि राउटर गेला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याने नवा बसवला, मोबाइलवर नेट आलेलं दाखवलं आणि तो निघून गेला. मग कळलं की कॉम्प्युटरवर नेट येतच नाही. बाहेर बाकावर कंदरहून एसटीने आलेली एक मुलगी आणि तिची आई बसलेल्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म, शेवटची तारीख पाच दिवसांवर, आणि आईचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला.

आत्याने मला हॉस्टेलवर फोन लावला. घराण्यातली पहिली इंजिनिअर ना मी! (अजून व्हायचीय, पण तेवढा फरक आमच्याकडे कोणी करत नाही.)

"अगं, नेट चालत नाही."

"अ‍ॅडॉप्टर इनेबल्ड आहे का बघ."

"ते कुठं असतं बाई?"

इथे माझी बोलती बंद. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. जे काही येतं ते इंग्लिशमध्ये येतं, आणि त्यातलं खरंच किती येतं हे मराठीत सांगायची वेळ आली की उघडं पडतं. मग मी सुचेल ते सांगत सुटले. रीस्टार्ट कर. ड्रायव्हर काढून परत टाक. अँटिव्हायरस बंद कर. शेवटी तर म्हणाले, "सरळ फॉरमॅट मार." आत्या म्हणाली, "त्यात लोकांची कागदं आहेत गं." नशीब, तिने ऐकलं नाही! मोबाइल वायरने जोडून त्याचं नेट कॉम्प्युटरला देता आलं असतं, पण तेही मला सुचलं नाही. मायलेकी संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

शनिवारी मी जेऊरला उतरून करमाळा गाठलं. शेजारी मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेले एक काका चहाला आले होते. माझी खटपट थोडा वेळ बघून म्हणाले, "आधी चालत होता ना? मग मधे बदललं काय?"

बदलला होता राउटर. हा प्रश्न दोन दिवसांत मला एकदाही पडला नव्हता.

मग नीट खालून सुरुवात केली. केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा लागत होता, म्हणजे वायर ठीक. 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं, तर कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.१० आणि गेटवे १९२.१६८.०.१. मोबाइलमध्ये पाहिलं, तर तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता. सापडलं! पूर्वी कधीतरी प्रिंटर जोडताना कोणीतरी कॉम्प्युटरला हाताने कायमचा पत्ता देऊन ठेवला होता. जुना राउटर शून्यवाला होता, त्यामुळे सगळं सुरळीत होतं. नवा आला एकवाला. कॉम्प्युटर बिचारा १९२.१६८.०.१ ला हाका मारत बसलेला, आणि त्या पत्त्यावर घरात कोणीच नाही! पत्ता आपोआप घेण्याची खूण केली, राउटरने नवा पत्ता दिला, नेट चालू. सगळं मिळून पाच मिनिटं.

आत्या म्हणाली, "म्हणजे घर तेच, पण गल्लीचं नाव बदललं?" आमच्या टेक्स्टबुकात सबनेटवर अख्खं चॅप्टर आहे. इतकं सोपं करून मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी कोणाला सांगून पाहिलं नव्हतं.

आपण ज्या 'पिंग'ची व्याख्या पाठ करतो, तो प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, तोही त्यांच्या नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडलं होतं म्हणून. पाणबुडी शोधताना सोनारचा जो आवाज होतो त्यावरून हे नाव. हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. म्हणजे ही गोष्ट जन्मालाच आली दुरुस्तीसाठी, आणि आपल्याकडे ती दोन मार्कांची शॉर्ट नोट झाली.

माझी तक्रार इथे आहे. आपल्या लॅबमध्ये सगळं आधीच चालू असतं. केबल क्रिंप करायची, दोन मशीन जोडायची, 'रिप्लाय फ्रॉम' आलं की सही घ्यायची. जर्नल तर सीनियरचं असतंच! (सर, हे वाक्य वाचलं नाही असं समजा.) बिघाड कसा शोधायचा, कुठल्या पायरीवर थांबायचं, आधी काय तपासायचं, हे कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये नाही. रिवाइंडिंगवाल्या काकांकडे दुकानात येणारी प्रत्येक मोटार बंदच असते. त्यांचा अभ्यास रोज होतो, आपला सेमिस्टरला एकदा.

माझी सूचना साधी आहे. एका प्रॅक्टिकलला सरांनी आधी येऊन प्रत्येक मशीनमध्ये काहीतरी एक बिघडवून ठेवावं. कुठे केबल अर्धवट, कुठे चुकीचा गेटवे, कुठे डीएनएस उडवलेला. आम्हाला द्यावे दोन तास. आणि व्हायव्हाला एकच प्रश्न: काय बिघडलं होतं ते मराठीत, माझ्या आत्याला कळेल असं सांगा. पहिल्या वर्षी निम्मा वर्ग नापास होईल, त्यात मीही असेन.

त्या मुलीला आत्याने शनिवारीच फोन करून बोलावलं. सोमवारी ती एकटीच आली, फॉर्म भरला, पावतीची प्रिंट घेतली. आईला परत खाडा परवडत नव्हता म्हणाली.