साडेसातशे वर्षांचा पगार

गेल्या आठवड्यात आमच्याकडे अप्रेझलची पत्रं वाटली. टीमची पत्रं द्यायचं काम माझ्याकडे. एका मुलाला ५ टक्के वाढ होती. रात्र-रात्र जागून प्रॉडक्शन सावरणारा पोरगा. "यंदा बजेट टाइट आहे रे, मार्केटच तसं आहे," असं मी त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, वरच्यांचं मार्केट वेगळं असतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे.

आमच्या कंपनीचं राहू द्या, उघड असलेले आकडे बघू. इन्फोसिसच्या सीईओंना २०२४-२५ मध्ये सुमारे ८० कोटी मिळाले, म्हणजे तिथल्या मीडियन पगाराच्या साधारण ७५० पट. (सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं की बरोबर मधे येतो तो मीडियन.) ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा धरला, तर तेव्हापासून आजपर्यंत त्या मधल्या माणसाने नोकरी केली असती तेव्हा कुठे हिशोब जुळला असता! आणि फ्रेशर? पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या आयटी कंपन्या वर्षाला तीन-सव्वातीन लाख द्यायच्या, आज साडेतीनच्या आसपास. महागाईचं काय ते तुम्हीच बघा.

आता कोणी म्हणेल, जळतोस का? नाही बुवा. वरच्यांच्या पैशात बराचसा भाग शेअर्सचा असतो, जबाबदारीही मोठी असते, हे मान्य. खटकतं ते 'मार्केट' या शब्दाचं. फ्रेशरचं मार्केट खरंच मार्केट आहे, मुलं भरपूर म्हणून भाव पडलेला. सीईओचा पगार मात्र एक समिती 'इतर कंपन्या काय देतात' ते बघून ठरवते. आपला सीईओ सरासरीच्या खाली कोणालाच नको, म्हणून दरवर्षी सरासरीच वर सरकते. हा बाजार नाही हो, हा लग्नातला मानपान आहे!

यावर कायद्याने मर्यादा घालावी का? स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली कमाल-किमान पगाराचं प्रमाण १२:१ करायचा प्रस्ताव जनमताला टाकला होता, लोकांनीच तो फेटाळला. मलाही ते पटत नाही. तळाची कामं कंत्राटदाराकडे दिली की प्रमाण कागदावर आपोआप सुधारतं. आपल्या ऑफिसातले सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाले आजही बहुतेकदा कंत्राटीच असतात, म्हणजे त्या मीडियनच्या रांगेत ते उभेच नाहीत.

त्यापेक्षा साधा नियम हवा: वरच्यांची टक्केवारीतली वाढ मीडियन कर्मचाऱ्याच्या वाढीपेक्षा जास्त नको. एप्रिल २०१७ मध्ये नारायण मूर्तींनी इन्फोसिसच्या सीओओच्या पगारवाढीवर जाहीर आक्षेप घेतला होता. बहुतेकांना ६ ते ८ टक्के मिळत असताना वरच्याला ६०-७० टक्के वाढ देणं योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आठवड्याला ७० तासांशी माझं जमत नाही, पण हे शंभर टक्के पटतं.

कंपनी कायदा २०१३ मुळे शेअर बाजारातल्या कंपन्यांना या दोन्ही वाढी वार्षिक अहवालात छापाव्या लागतात. आपण एसआयपी भरतो, म्हणजे थोडेफार मालक आपणही. निदान ते पान तरी उघडून बघा.

असो. सोमवारी त्या मुलाला कॉफीला नेणार आहे. ५ टक्क्यांचे ६ करणं माझ्या हातात नाही, पण 'मार्केट' हा शब्द मात्र पुन्हा वापरणार नाही.