प्रोसिडिंगात लिहा, भाऊसाहेब!

भंडारदरा म्हटलं की तुम्हा-आम्हाला काय आठवतं? पावसाळ्यातला रंधा धबधबा, कळसूबाईवर उतरलेले ढग, मे महिन्याच्या अखेरीला झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे. पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग आणि गरमागरम भजी. मलाही इतकी वर्षं तेवढंच आठवायचं. पण दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी मी तिथे गेले ती काजव्यांसाठी नव्हे, एका महिला सभेसाठी. तेव्हापासून भंडारदरा म्हटलं की मला आठवतो तो शाळेचा ओटा, त्यावरची फाटकी सतरंजी आणि एक उघडं रजिस्टर.

वाडी धरणाच्या अंगालाच होती. नाव मुद्दामच देत नाही, कारण तिथे घडलं ते कुठल्याही वाडीत घडू शकतं. १ मेची ग्रामसभा तोंडावर आलेली, म्हणून आधी बायकांची सभा. पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणी रिकामा हंडा शेजारी ठेवून बसलेली; सभा संपली की तिथूनच पाण्याला जायचं होतं. ग्रामसेवक आले. या पदाचं सरकारी नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण वाडीवर ते ‘भाऊसाहेब’च. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाले, ‘‘सह्या करा, अंगठे द्या. विषय नेहमीचेच आहेत.’’

सभेच्या आधीच सह्या! मला हसू आलं, पण तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, ‘‘नळ दारात येऊन वरीस झालं. पानी कधी येनार, भाऊसाहेब?’’

‘‘वर कळवतो, आजी.’’

‘‘मागच्या खेपेला बी हेच म्हनले व्हते तुमी.’’

सगळ्या हसल्या, भाऊसाहेबही हसले. विषय तिथेच संपला असता. पण मागे बसलेली एक तरुण सून पदर सावरत उभी राहिली. आवाज जरासा कापत होता तिचा. म्हणाली, ‘‘प्रोसिडिंगात लिहा, भाऊसाहेब. आजींनी काय इचारलं ते लिहा आन् तुम्ही काय सांगितलं ते बी लिहा. मग करतो आम्ही सह्या.’’

ओटा एकदम गप्प झाला. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

मैत्रिणींनो, त्या पोरीने काय केलं हे नीट समजून घ्यायला हवं. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या भागात म्हण राहिलेली नाही, तो रोजचा दिनक्रम आहे. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेलं प्रवरेवरचं हे धरण, अकरा टीएमसी पाण्याचं. त्याच्या जलाशयाला आज इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. पाणी नदीने खाली जातं, ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या कालव्यांत वळतं आणि पार खालच्या तालुक्यांतला ऊस भिजवतं. खाली पाणी जाऊ नये असं कुणाचंच म्हणणं नाही. पण डोंगरातल्या वाडीवर एप्रिल-मे महिन्यांत बाईला हंडा घेऊन उतरावं लागतं, तेव्हा प्रश्न पडतोच. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असं ते वचन. त्या वाडीवर नळ आला, तोटी आली, पाणीच तेवढं आलं नाही.

मग विचारायचं कुणाला? आपल्याला वाटतं प्रश्न विचारायचे ते मोठ्या माणसांनी, मोठ्या सभागृहात. टीव्हीवर दिसतं ना, आमदार उठतात, मंत्र्यांना धारेवर धरतात. पण तशीच सोय आपल्या जिल्ह्यासाठीही केलेली आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा समित्यांचे सभापती म्हणजे जिल्ह्याचे मंत्रीच म्हणा ना! तीन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि तिथे सदस्यांनी सभापतींना, अधिकाऱ्यांना विचारायचं : दवाखान्यात डॉक्टर का नाही? अंगणवाडीचं छप्पर कधी होणार?

नवी नवी वार्ताहर असताना मी अशाच एका जिल्हा परिषदेच्या सभेला बसले होते. एक सदस्या उठल्या. नऊवारीतल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांच्या गटातल्या अंगणवाड्यांत बाळांचं वजन करायला काटेच नव्हते. सभापती म्हणाले, ‘‘माहिती घेऊन सांगतो.’’ बाई बसल्या. मी वहीत लिहिलंसुद्धा नाही, इतकं ते नेहमीचं होतं. तीन महिन्यांनी पुढची सभा. बाई पुन्हा उठल्या, हातात मागच्या सभेचं इतिवृत्त. ‘‘साहेब, पान सातवर तुम्ही म्हणालाय, माहिती घेऊन सांगतो. घेतली का माहिती?’’ सभागृहात हशा पिकला, पण सभापतींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. महिन्याभरात काटे पोचले. तोंडी प्रश्न वाऱ्यावर जातो, कागदावरचा प्रश्न पुढच्या सभेला आपली वाट बघत बसतो. मी हे शिकले ते त्या बाईंकडून.

आणि आता जे लिहायचं आहे ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यांची पाच वर्षांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि राज्यभर स्थानिक निवडणुका लांबतच गेल्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्यायला सांगावं लागलं. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ त्या सभागृहात प्रश्न विचारणारं लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतं. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, आपण हळदीकुंकवाला त्याचं कौतुक केलं. पण सभाच भरली नाही तर ती निम्मी खुर्ची काय करणार?

प्रशासक वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. कित्येक अधिकारी मनापासून काम करतात. पण पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच असला तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. ती बाई रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकायची. तिचं नाव घ्यायचं, तर गाऱ्हाणं ऐकण्याची जागा बंद ठेवून कसं चालेल?

वरची पायरी अशी निखळू शकते, हे आपण एकदा पाहिलं. म्हणून खालची पायरी आपण धरून ठेवायला हवी. ती म्हणजे ग्रामसभा आणि तिच्या आधीची आपली महिला सभा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात आणि प्रत्येकीच्या आधी बायकांची सभा घ्यायची, हे कायद्यात लिहिलेलं आहे. ती सरपंचांची मेहेरबानी नाही. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच गावांना तर पेसा कायदा लागू आहे, तिथे वाडी आपली स्वतंत्र ग्रामसभासुद्धा मागू शकते.

तुम्ही म्हणाल, सांगायला सोपं आहे बाई! घरी सासू विचारते, ‘तुला कशाला पंचाईत?’ सरपंच बाई असली तर सभेत तिचे यजमानच बोलतात. शिवाय ती आपलीच भावकीतली, तिला चारचौघांत कशाला अडचणीत आणायचं? हे मी ऐकलंय, आणि खरंही आहे. पण प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे. उलट वीस बायकांचा प्रश्न पानावर लिहिलेला असला, तर तीच सरपंच ते पान घेऊन तालुक्याला जाऊ शकते. नुसतं ‘बायका ओरडतात’ म्हणून गेली तर तिला चहा पाजून परत पाठवतील.

तर चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी चौघींनी मिळून एकच प्रश्न ठरवा; दहा प्रश्न विचारले की एकाचंही उत्तर मिळत नाही. दुसरं, प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रोसिडिंगात लिहायला लावा, वाचून दाखवायला सांगा. तिसरं, सही सभेच्या शेवटी, कोऱ्या पानावर कधीच नाही. आणि चौथं, पुढच्या सभेला मागचं पान उघडायला लावा. पान दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी ज्यासाठी उपोषणं केली तोच हा कायदा, २००५ पासून देशभर लागू झालेला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ते दहा रुपयेही माफ आहेत.

त्या वाडीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. पाणी काही लगेच आलं नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या सुनेने तेच पान पुन्हा उघडायला लावलं. दिवाळीच्या आधी माणूस येऊन जोडणी बघून गेला. परवा तिला फोन केला तर म्हणाली, ‘‘एक दिवसाआड येतंय, ताई. रोज कधी येनार, ते इचारायचंय आता.’’

‘‘मग विचार की!’’ मी म्हटलं.

‘‘इचारनारच,’’ ती म्हणाली, ‘‘पान ठरलंय.’’

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे? आज संध्याकाळी शेजारणीला विचारून बघा. तिलाही माहीत नसेल, तर तुमचा पहिला प्रश्न तुम्हाला सापडला.