न छापलेली यादी

अश्लील चित्रफिती आपल्या मुलांच्या हाती पडू नयेत, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? आम्हांलाही वाटते. म्हणूनच शासनाने बंदीचा बडगा उगारला की आपल्या धर्मग्रामांतून त्याचे मनापासून स्वागत होते, आणि बंदीविषयी शंका घेणारा त्या घाणीचाच वकील ठरतो. तो आरोप पत्करून आम्ही हे लिहीत आहोत.

३१ जुलै २०१५ रोजी केंद्र शासनाच्या दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. कारण सांगितले ते नीती आणि सभ्यतेचे. यादी शासनाने स्वतः तयार केलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयात याचिका करणाऱ्या एका वकिलाकडून ती आली होती. त्याच महिन्यात न्यायालयाने तातडीची सरसकट बंदी घालण्यास नकार दिला होता. तरीही आदेश निघाला, आणि तोही गोपनीय! गदारोळ होताच ४ ऑगस्टला शासनाने पवित्रा बदलला: ज्या स्थळांवर बालकांची अश्लील चित्रे नाहीत ती खुली करावीत. ती कोणती, हे मात्र कंपन्यांनीच ओळखावे. न्यायनिवाड्याचे काम असे व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधले गेले.

पुढे २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे हीच यादी पुन्हा बाहेर निघाली. या वेळी मंत्रालयाने ती तपासली, तेव्हा ८५७ पैकी ३० स्थळांवर अश्लील असे काहीच आढळले नाही. उरलेली ८२७ बंद झाली; त्यांतील एका बड्या दुकानाने पत्ता किंचित बदलून पुन्हा पसारा मांडला. चोर सुटला आणि संन्याशाला तीन वर्षांपूर्वी सुळी दिले होते, हे तेव्हा कळले.

आम्हां कॅथलिकांना निषिद्ध यादी नवी नाही. १५५९ पासून १९६६ पर्यंत रोमची निषिद्ध ग्रंथांची सूची चालू होती. गॅलिलिओचा ग्रंथही तीत होता, हे आठवून आजही मान खाली जाते. पण ती सूची छापली जात असे! कोणता ग्रंथ वर्ज्य ठरला हे वाचकाला कळे, आणि चूक झाली तर तिच्यावर बोट ठेवता येई. ज्या सूचीबद्दल चर्चला संकोच वाटतो, तिच्याइतकाही उघडेपणा लोकशाही शासनाने दाखवू नये?

वाचक विचारतील, मग मुलांचे काय? त्यांच्यासाठी कायदा आहे आणि तो कठोर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ख बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बनविणाऱ्याला व पसरविणाऱ्याला शिक्षा सांगते. ती चित्रे जवळ बाळगणाराही सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. तेथे पोलिसांनी रात्रंदिवस खपावे. आम्ही टाळ्या वाजवू. एखाद्या मुलीचे खासगी छायाचित्र कोणी पसरविले, तर तिची तक्रार नोंदवून घ्यायला ठाण्यावर माणूस तत्पर असावा. हे काम कष्टाचे आहे. यादी पाठविणे सोपे.

प्रौढ माणसाने एकांतात काय पाहावे, हा पापाचा प्रश्न आहेच. त्यासाठी आपल्याकडे पापनिवेदन आहे, घर आहे, आईबापांचा शब्द आहे. ते काम आपण हवालदाराकडे सोपविले, तर हवालदार तेवढ्यावर थांबत नाही.

पालघर आपल्यापासून दूर नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. त्यांच्यावर लावलेले ६६ अ हे कलम २००८ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात आले होते. बालकांचे रक्षण करणारे ६७ खही त्याच दुरुस्तीतले. संसदेने सारे एका दमात, चर्चेविना मंजूर केले होते. बालकांच्या नावाने उघडलेल्या दारातून आणखी काय आत आले, हे तेव्हा कोणी पाहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ रद्द केले ते २४ मार्च २०१५ रोजी, आणि ८५७ स्थळांचा गुप्त आदेश निघाला तो त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जे बंद कराल त्याचे नाव आणि कारण राजपत्रात छापा, आणि ज्याचे दार बंद केले त्याला न्यायालयात उभे राहू द्या. एवढे करायला शासन तयार नसेल, तर पुढच्या यादीत कोणाकोणाची नावे आहेत, हे आम्ही विचारत राहू.