वनस्पतीपासून बनवलं, म्हणून निर्धोक?



नाशिकमधल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता पाहिला. कडुनिंबाच्या पाल्यापासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, जखमेवरच्या मलमासाठी. खाली मोठ्या अक्षरात ओळ होती : ‘वनस्पतीजन्य असल्याने दुष्परिणाम नाहीत.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र ती ओळ टोचत राहिली.

पद्धत चांगलीच आहे, आणि आपल्या जवळचीही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या अर्कातून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनवले. तो शोधनिबंध २००४ चा. धातूंच्या ऑक्साइडसाठीही आता हीच वाट वापरतात. पाल्यातली पॉलिफेनॉलसारखी द्रव्यं जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात, कणांचे गोळे होऊ देत नाहीत. त्यामुळे काही घातक रसायनं टाळता येतात.

पण मुलांना पुढचंही सांगूया. जस्त पानातून येत नाही. ते झिंक नायट्रेटच्या बाटलीतून येतं. शेवटी ती पूड बहुधा ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, तेव्हा पाल्याचा बराचसा अंश जळून जातो. उरतं ते झिंक ऑक्साइड. ते कॅलामाइन लोशनमध्येही असतं, पण नॅनोकण म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायची गोष्ट. कण इतका लहान झाला की त्याचं वागणं बदलतं.

आपल्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं समजवावं लागत नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बाग वाचवतं. प्रमाण चुकलं की तेच पानं करपवतं. औषधाचंही तसंच. फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांचं इंजेक्शन. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इतक्या चाचण्यांतून गेलेलं औषध, तरी २०१५ मध्ये त्यावर गंभीर ॲलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. मग आपल्या तक्त्यावरची ती ओळ कशाच्या जोरावर लिहायची?

माझं मत स्पष्ट आहे. असे प्रकल्प बंद करू नका, फक्त मुलांना तुलना करायला शिकवा. जंतूंवरची चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावी. तिथे चार नमुने शेजारी ठेवायला सांगा : नवी पूड, नुसता कडुनिंबाचा अर्क, नुसतं झिंक नायट्रेट आणि बाजारातलं साधं झिंक ऑक्साइड. नुसत्या अर्कानेही तेवढेच जंतू मेले, तर नॅनोकणांना श्रेय कसं द्यायचं? आणि बशीतले जंतू मेले म्हणजे जखम बरी झाली असं नाही. पूड जंतूंना मारते, तशी आपल्या पेशींनाही इजा करू शकते.

पालकांनो, एक विनंती : प्रकल्पातली पूड मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावून पाहू नका.

आणि शिक्षकहो, पुढच्या प्रदर्शनात तक्त्यावर ‘दुष्परिणाम अजून तपासलेले नाहीत’ असं लिहिणाऱ्या मुलाला दोन गुण जास्त द्या. विज्ञान त्याला कळलंय.