बेस्ट सुशी कुठे मिळते हो?

तर मंडळी, आज शनिवार, आणि आज मी भांडणाच्या मूडमध्ये आहे. भांडण आहे "टोकियोतली बेस्ट सुशी कुठली?" असं विचारणाऱ्यांशी. त्यात पहिला आरोपी मीच.

नऊ वर्षं झाली इथे. राहतो निशी-कासाईत, म्हणजे वायटूकेच्या धामधुमीपासून आपले आयटीवाले जिथे बिऱ्हाडं थाटून आहेत तिथे. पहिलं वर्ष "कच्चा मासा? ईऽऽ" म्हणण्यात गेलं. मग एकदा चव लागली आणि गडी वाहवला. एंजिनियर वाहवला की काय करतो? एक्सेल उघडतो. दुकान, भाव, तारे, बुकिंगला लागणारे दिवस. एकेचाळीस ओळी झाल्या. बायको म्हणाली, "सुशी खातोयस की टेंडर काढतोयस?"

आता माझं म्हणणं ऐका. बेस्ट सुशी यादीत सापडत नाही. उलट याद्या घेऊन हिंडणारे आपण लोकच चांगल्या सुशीच्या मुळावर उठलोय.

मुळात ही सुशी आली कुठून? भातावर मासा ठेवून हाताने दाबलेली निगिरी एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, 1820 च्या दशकात लोकप्रिय झाली. श्रेय हनाया योहेई नावाच्या माणसाला देतात. गाडीपाशी उभं राहायचं, दोन-चार तुकडे तोंडात टाकायचे आणि कामाला लागायचं. थोडक्यात त्यांचा वडापाव! बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठा-व्हिनेगरात मुरवायचा, सोया सॉसमध्ये बुडवायचा नाहीतर शिजवायचा. म्हणजे "सुशी म्हणजे कच्चा मासा" हेही अर्धसत्यच. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. तो अंगाइतका कोमट हवा, हातात सुटू नये आणि तोंडात मात्र सुटावा. आपण भातखाऊ लोक, आपल्याला हे आधी कळायला हवं होतं. पण आपण फोटो काढतो माशाचा.

आणि तारे? मिशलॅनची टोकियोची पहिली मार्गदर्शिका 2007 साली आली. गिंझाच्या एका तळघरातल्या, जेमतेम दहा खुर्च्यांच्या सुकियाबाशी जिरोला तीन तारे मिळाले. 2011 मध्ये जिरो ओनोंवर माहितीपट निघाला, 2014 मध्ये ओबामा तिथे जेवून गेले. मग 2019 मध्ये मिशलॅनने ते दुकान यादीतून काढलं. चव बिघडली म्हणून नव्हे! सामान्य लोकांना तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून. म्हणजे बघा, माणूस तोच, भात तोच, आणि माझ्या एक्सेलमधला तीनचा आकडा एका रात्रीत गायब. हा आकडा चव मोजत होता म्हणता?

कुणी म्हणेल, मोठी दुकानं परवडत नाहीत म्हणून हा जळतोय. नाही हो. गेलोय मी. पस्तीस हजार येन मोजले. कोहादा नावाचा छोटा चंदेरी मासा असतो. तो मिठात किती वेळ ठेवायचा आणि व्हिनेगरात किती, हे त्या माशाची चरबी आणि त्या दिवसाची हवा बघून ठरवतात. तिथला कोहादा अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू? पण काउंटरवर आम्ही आठ जण, बहुतेक पहिल्यांदाच आलेले आणि बहुधा परत न येणारे. बाहेर पडल्यावर प्रत्येकाने काय केलं असेल? माझ्यासारखीच यादीत एक टिक.

माझ्या स्टेशनामागे एक सात खुर्च्यांचं दुकान होतं. ताइशो सत्तरीचे. नवरा-बायको मिळून चालवायचे. दुपारचं ताट दीड हजार येन. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की ते माझी निगिरी इतरांपेक्षा उलट्या तिरक्या बाजूने ठेवतात. मी डावखुरा आहे. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. बायकोच्या तुकड्यात भात थोडा कमी असायचा. हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं?

आणि मी शहाण्याने काय केलं? "हे तर घराजवळचंच आहे, केव्हाही जाता येईल" म्हणून चौदा महिने फिरकलो नाही. यादी चढत होतो ना! परवा गेलो तर शटर खाली, वर हाताने लिहिलेला कागद. दुकान बंद, अडतीस वर्षांबद्दल आभार. शेजारच्या भाजीवाल्या आजी म्हणाल्या, पुढे चालवायला कुणी नव्हतं, आणि गिऱ्हाईकही उरलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेलं कुठे? निम्मं सरकत्या पट्ट्यावरच्या स्वस्त सुशीकडे गेलं. तो पट्टाही 1958 सालचा, बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून ओसाकाकडच्या एका दुकानदाराला सुचलेला. त्याला मी नावं ठेवत नाही, पोरांना घेऊन जायला झकास आहे. उरलेलं निम्मं माझ्यासारखं, ताऱ्यांच्या मागे. या दोन्हींच्या मध्ये जे होतं, तिथे तुम्हाला ओळखणारा माणूस तुमच्यासाठी भात दाबत होता. ते मधलं आपण उपाशी मारलं.

तेव्हा मला "बेस्ट कुठली" विचारू नका. घरापासून चालत जाता येईल असं एक दुकान धरा आणि तिथे दहा वेळा जा. दहाव्या खेपेला कळेल तुम्ही काय शोधत होतात ते.

असो. एक्सेल काल उडवलं. दोन गल्ल्या पलीकडे एक नऊ खुर्च्यांचं दुकान दिसलंय. आज दुपारी पहिली खेप.