देखणेपणाच्या आड

एकच चित्रपट पाहून बाहेर पडणारे दोन प्रेक्षक परस्परविरुद्ध मते व्यक्त करतात, हा नेहमीचा अनुभव आहे. एकाला जे अप्रतिम वाटते तेच दुसऱ्याला कंटाळवाणे वाटते. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हा वाद बहुधा तेथेच मिटवला जातो. परंतु आवड आणि मत या दोन गोष्टी एक नव्हेत. आवडीला कारण लागत नाही. मताला मात्र कारणाचा आधार द्यावा लागतो. वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या विनोदी चित्रपटाविषयी प्रेक्षकांत जे दोन तट पडले, त्यांकडे पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो.

२०१४ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाचा आरंभ या चित्रपटाने झाला. पुढच्या वर्षी कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा-केशभूषा आणि संगीत यांसाठी त्याला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. कथा झुब्रोव्का या काल्पनिक युरोपीय देशात घडते. १९३२ साली तेथील एका आलिशान हॉटेलात पाहुण्यांची सारी व्यवस्था पाहणारा गुस्ताव आणि त्याच्या हाताखाली नव्याने लागलेला झीरो नावाचा पोरगेलासा नोकर हे कथेचे नायक आहेत. एक श्रीमंत वृद्धा मृत्युपत्रात गुस्तावला एक मौल्यवान चित्र ठेवून जाते. तिच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो आणि मग तुरुंगवास, पलायन व पाठलाग यांची धमाल सुरू होते.

चित्रपटाची मांडणी वास्तववादी नाही. प्रत्येक चौकट मोजूनमापून सजवलेली आहे; मध्यभागी माणूस आणि दोन्ही बाजूंना सारखीच रचना, असे दृश्य वारंवार दिसते. हॉटेलचा गुलाबी दर्शनी भाग म्हणजे प्रत्यक्षात एक लहान प्रतिकृती आहे. आतील भव्य दालन जर्मनीतील ग्योर्लिट्झ या गावच्या एका जुन्या, रिकाम्या दुकान-इमारतीत उभारले गेले. कथा १९३२, १९६८ आणि १९८५ या तीन काळांत फिरते आणि काळ बदलताच पडद्यावरील चौकटीचा आकारही बदलतो.

नेमक्या या मांडणीवरच काही प्रेक्षकांचा आक्षेप आहे. त्यांच्या मते हा चित्रपट म्हणजे सुबक बाहुलीघर आहे. त्यात माणसे नाहीत, बाहुल्या आहेत. पात्रे भराभर बोलतात, भराभर पळतात आणि त्यांचे दुःख मनाला भिडण्याआधीच पुढचा विनोद येऊन उभा राहतो. उलट, दुसऱ्या गटाला हीच सजावट मोहक वाटते. चित्रांचे पुस्तक उघडावे तसा आनंद त्यांना प्रत्येक दृश्यातून मिळतो. म्हणजे एका गटाने सजावटीला नावे ठेवली आणि दुसऱ्याने तिचे कौतुक केले. पण ही सजावट कशासाठी आहे, हा प्रश्न दोघांनीही बाजूलाच ठेवला.

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच सापडते. झीरो हा युद्धात कुटुंब गमावलेला निर्वासित आहे. आगगाडीच्या प्रवासात सैनिक गाडी थांबवतात आणि त्याची कागदपत्रे अपुरी ठरवतात. गुस्ताव आपल्या नोकरासाठी त्यांच्याशी भांडतो व मार खातो. त्या वेळी एक अधिकारी धावून येतो आणि सुटका करतो. लहानपणी गुस्तावने त्याला दिलेली मायेची वागणूक तो विसरलेला नसतो. चित्रपटाच्या अखेरीस तसाच प्रसंग पुन्हा घडतो. आता मात्र पडद्यावरचे रंग नाहीसे होतात, सैनिकांचे गणवेश काळे असतात आणि ओळखीचा अधिकारी तेथे नसतो. झीरोचा परवाना फाडला जातो. त्याच्यासाठी पुन्हा उभा राहिलेला गुस्ताव गोळीला बळी पडतो, हे वृद्ध झीरो एका वाक्यात सांगून मोकळा होतो.

हे ध्यानात घेतले की त्या देखण्या चौकटींचा अर्थ बदलतो. गुस्तावचे अत्तर, नीटनेटका पोशाख आणि अदबीचे बोलणे हा त्याचा निव्वळ डामडौल राहत नाही. बाहेरचे जग रानटी होत असताना सभ्यता टिकवून धरण्याची ती धडपड ठरते. ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग यांच्या लेखनावरून हा चित्रपट सुचला, हे येथे महत्त्वाचे आहे. नाझींच्या उदयानंतर झ्वाइग यांना मायदेश सोडावा लागला आणि १९४२ साली ब्राझीलमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. ज्या युरोपवर त्यांनी प्रेम केले, तो त्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाला होता. अशा हरवलेल्या जगाची आठवण वास्तवाहून अधिक सुंदर असणारच. ती इतकी सुबक आहे, म्हणूनच तिचे मोडणे जाणवते.

याचा अर्थ आक्षेप घेणारे प्रेक्षक सर्वस्वी चुकले, असा मात्र नाही. झीरोची प्रेयसी अगाथा धीट आणि गुणी असूनही तिच्या मनात डोकावण्यास चित्रपटाला सवड मिळत नाही. तिचा मृत्यूही ओझरता सांगितला जातो. वृद्ध झीरोला तिच्याविषयी बोलणे असह्य होते, असे समर्थन करता येते. तरीही ज्या माणसासाठी अश्रू ढाळायचे, त्याची पुरेशी ओळख प्रेक्षकाला व्हायला हवी, ही अपेक्षा गैर नाही. येथे आक्षेपाला कारण आहे, म्हणून तो विचारात घ्यावा लागतो.

चित्रपटाविषयी मत देण्यास पदवी लागत नाही. परक्या माणसांची सामानसुमान उचलून ज्यांनी पोट भरले आहे, त्यांना या हॉटेलातील नोकरांचे परस्परांसाठी धावून जाणे एखाद्या समीक्षकाहून अधिक कळू शकेल. कागद दाखवता न आल्याने ज्याला एखाद्या दारातून परतावे लागले आहे, त्याला आगगाडीतील तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. अशा प्रेक्षकाने ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ एवढ्यावर थांबू नये. काय पाहिले आणि त्यावरून तसे का वाटले, हेही त्याने सांगावे. कारण त्याच्याजवळ जे सांगण्यासारखे आहे, ते दुसऱ्या कोणाजवळ असेलच असे नाही.